‘आलोच !’

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठी काही लिहून द्यावे, अशी मागणी संपादक मंडळातील दोन विद्यार्थिनींनी आमच्याकडे केली, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने उत्तर दिले, “अगं, त्यात काय ! दोन दिवसांत देतो.” त्या बिचाऱ्या समाधानाने परत गेल्या. दोन दिवसांचे आठ झाले, आठांचे पंधरा झाले. व्हरांड्यात त्या दिसल्या म्हणजे आम्हीच आपण होऊन म्हणत असू, “होतच आला आहे, आत्ता देतो.” अखेर त्यांपैकी धाकटीने एके दिवशी अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, तुमचं ‘आत्ता’ म्हणजे नक्की कधी ?” प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता, पण तो आमच्या मनास असा काही लागला की, जो विषय आम्ही इतके दिवस शोधीत होतो तो त्याच ठिकाणी आम्हांस सापडला. आपण मराठी माणसे रोजच्या बोलण्यात थोडा वेळ कसा सांगतो, आणि त्या सांगण्याचा अर्थ ऐकणाऱ्याने काय घ्यावा, याचाच विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

आपल्या भाषेत थोडा वेळ दाखविणाऱ्या शब्दांचा तोटा नाही. क्षणभर, पळभर, घटकाभर, जरा, लगेच, इतक्यात, एवढ्यात, झटक्यात, चुटकीसरशी, एका दमात, बघता बघता, बोलता बोलता, हां हां म्हणता, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच - ही यादी वाचकांस हवी तितकी लांबविता येईल. परंतु ती जरा निरखून पाहिली म्हणजे एक गंमत ध्यानात येते. यांतील बहुतेक मापे आपल्या देहातून निघालेली आहेत. पाते लवते ते डोळ्याचे. चुटकी वाजते ती बोटांची. दम जातो तो छातीतला. आणि ‘हां हां’ म्हणावयाचे ते तोंडाने. कोणी घाई करू लागला की आपण त्यास ‘दम धरा’ म्हणतो. म्हणजे आपल्या श्वासाच्या मापाने त्याने थांबावे, असेच आपण सुचवीत असतो. ‘जरा’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ कण. ‘जरा थांबा’ म्हणजे काळाचा एक कण थांबा ! पवित्र शास्त्रात पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात अशाच एका अल्प काळाविषयी बोलताना मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजिला आहे, त्याचाही अर्थ ‘ज्याचे तुकडे होत नाहीत असा कण’ हाच होय. आणि त्याच्या पुढचा शब्दप्रयोग आहे तो डोळ्याची पापणी लवण्याचा. देश आणि भाषा निराळ्या, पण मापे मात्र माणसाच्या अंगचीच.

आता ‘आलोच’ हा शब्द घ्या. व्याकरणदृष्ट्या हा भूतकाळ आहे. ‘आलो’ म्हणजे येणे पुरे झाले. परंतु जो मनुष्य अद्याप जागचा हललाही नाही, तोच हा शब्द उच्चारतो ! त्यास ‘च’ची जोड देऊन तो असे भासवितो की, आमचे येणे इतके निश्चित आहे की ते झालेच असे समजा. ‘निघालोच’, ‘झालेच’, ‘दिलेच म्हणून समजा’ ही सारी याच कुळातील मंडळी. ‘आत्ता’ या शब्दाची तऱ्हा तर याहून न्यारी. ‘तो आत्ता गेला’ आणि ‘तो आत्ता येईल’ या दोन्ही वाक्यांत तो सारख्याच सहजतेने बसतो. एक तोंड मागे, एक तोंड पुढे, अशा या शब्दावर भरवसा ठेवून जो उभा राहतो त्याने कोणत्या दिशेस पाहावे ?

पूर्वी आपल्या लोकांपाशी काळाची मापे नव्हती म्हणून ही संदिग्धता आली, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. मापे होती, आणि ती अतिशय बारीक होती. भास्कराचार्यांनी आपला ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, लिहिला. त्यात हा हिशेब दिलेला आहे. दहा गुरू अक्षरे उच्चारण्यास जो वेळ लागतो तो एक असु, म्हणजे एक श्वास. सहा असूंचे एक पळ. साठ पळांची एक घटिका. आणि साठ घटिकांचा अहोरात्र. हल्लीच्या मापाने पाहू गेल्यास असु म्हणजे ४ सेकंद, पळ म्हणजे २४ सेकंद व घटिका म्हणजे २४ मिनिटे होतात. या आचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. तेव्हा ही विद्या आपल्या शेजारचीच म्हणावयास हरकत नाही.

याच हिशेबात एक ठिकाण असे आहे की ते वाचून आम्ही प्रथम हसलो, आणि पुढे आमचे हसू मावळले. दोन घटिका मिळून भास्कराचार्य एक ‘क्षण’ मानतात, व असे तीस क्षण मिळून दिवस-रात्र होते असे सांगतात. म्हणजे त्यांचा एक क्षण ४८ मिनिटांचा झाला ! निरनिराळ्या ग्रंथांत क्षणाचे माप निरनिराळे आहे हे खरे. तथापि ‘क्षणभर थांबा’ असे म्हणून पाऊण तासाने उगवणाऱ्या मनुष्यास याहून उत्तम आधार दुसरा कोणता मिळणार? हा आधार आमच्या कसा कामी आला, अथवा आला नाही, ते पुढे सांगतो.

घटिका मोजण्यासाठी तांब्याची एक वाटी असे. तिच्या बुडाशी बारीक छिद्र. ती पाण्यावर सोडली की छिद्रातून पाणी चढत जाई आणि बरोबर एका घटिकेने ती बुडे. लग्नमंडपात जोशीबुवा या घटिकापात्रावर डोळा ठेवून बसत, आणि पात्र भरून बुडाले की मुहूर्त साधला जाई. यावरूनच ‘घटका भरणे’ आणि मृत्युशय्येवरील माणसाविषयी ‘घटका मोजणे’ हे वाक्प्रचार निघाले. घड्याळ हा शब्दही त्याच घटिकेच्या वंशातला. आणि ‘तास’ या शब्दाचा एक जुना अर्थ टोल देण्याची थाळी असा आहे. पात्र बुडाले की बुडाले; त्यात ‘जरा’ला किंवा ‘आत्ता’ला जागा नव्हती. आता ते पात्र क्वचितच पाहावयास मिळते. ‘घटकाभर टेका’ हे आमंत्रण मात्र आमच्या नगर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात आजही ऐकू येते, आणि त्या घटकेत चहा, पान, पावसाची चौकशी व दोन सोयरिकींची चर्चा इतके सर्व आरामात बसते.

आमच्या आजीपाशी याहून निराळी मापे होती. तिला घड्याळ वाचता येत नसे. “तव्यावरली भाकर उलथीपर्यंत आण,” “आधण येईस्तोवर येऊन जा,” असे ती आम्हांस सांगे. आणि आम्ही वाण्याकडे पळत जाऊन खरोखरच तेवढ्यात परत येत असू. कारण उशीर झाला की भाकरी करपलेली दिसे, आणि ती करपलेली भाकरी आमच्याच ताटात पडे. तिच्या मापास साक्षीदार होता. ‘आत्ता’ या शब्दास तसा साक्षीदार नाही.

ही खोड केवळ आपलीच आहे काय, असा प्रश्न मनात येऊन आम्ही इतर देशांच्या बोलण्याकडे दृष्टी टाकिली. तेथे आम्हांस पुष्कळ सोबती भेटले. स्पॅनिश भाषेत ‘आता’ या अर्थी ‘आओरा’ असा शब्द आहे. मेक्सिको देशातील लोक त्यास लाडाने लहान करून ‘आओरिता’ म्हणतात. शब्द लहान झाला म्हणजे वेळही लहान व्हावयास पाहिजे. पण तसे होत नाही. ‘आओरिता’ म्हणजे या घटकेस, थोड्या वेळाने, किंवा कदाचित कधीच नाही, असे तिन्ही अर्थ होऊ शकतात. आणि कोणता घ्यावयाचा ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताडावे लागते. आपल्या ‘आत्ता’चा हा सख्खा भाऊच नव्हे काय ? त्याच भाषेत डोळे उघडून मिटण्याइतक्या वेळात, कोंबडा आरवण्याहूनही कमी वेळात, असे प्रयोग आहेत. आणखी एक शब्द ‘सांतियामेन’ असा आहे. क्रूसाची खूण करताना जी लॅटिन प्रार्थना म्हणतात तिच्या शेवटच्या ‘सांक्ती, आमेन’ या दोन शब्दांचे ते जोडकाम होय. प्रार्थनेचा शेवट लोक भरभर उरकीत, म्हणून ‘सांतियामेनमध्ये’ म्हणजे हां हां म्हणता. उपासनेच्या वेळी आपली मुले ‘आमेन’ कसे म्हणतात हे ज्याने ऐकले आहे, त्यास या शब्दाचा उगम समजावून सांगण्याची गरज नाही.

घड्याळे घरोघर नव्हती त्या काळी युरोपात स्वयंपाकाचा वेळही प्रार्थनांनी मोजीत. प्रभूची प्रार्थना इतक्या वेळा म्हणून होईपर्यंत अमुक पदार्थ शिजवावा, असे पाकपुस्तकांत लिहीत असत. चिली या स्पॅनिशभाषक देशात १६४७ साली मोठा भूकंप झाला. तो दोन ‘क्रेदो’ म्हणण्याइतका वेळ चालला, असे त्याचे वर्णन झाले. क्रेदो म्हणजे श्रद्धेचा अंगीकार. मादागास्कर बेटात तांदूळ शिजण्यास लागणारा वेळ म्हणजे सुमारे अर्धा तास, आणि एक टोळ तळण्यास लागणारा वेळ म्हणजे निमिषमात्र, अशी मापे होती. आमच्या आजीस हे ऐकून फार आनंद झाला असता. भाकरी काय, टोळ काय, तव्यावर काहीतरी आहे आणि कोणीतरी त्याकडे पाहत आहे, हेच त्या मापाचे बळ.

पुढे मिनिटे आली, सेकंद आले. मिनिट म्हणजे तासाचा बारीक केलेला भाग, आणि सेकंद म्हणजे त्याचाही दुसऱ्यांदा केलेला भाग; साठांनी भागण्याची रीत आपल्या घटिका-पळांचीच. विज्ञानाने तर १९६७ साली सेकंदाची व्याख्या सीझियम नावाच्या धातूच्या अणूवरून ठरविली : त्याच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने झाली म्हणजे एक सेकंद. इतकी काटेकोर साधने आज प्रत्येकाच्या खिशातील फोनात येऊन बसली आहेत. परंतु त्याच फोनवर आपण काय बोलतो ते ऐका. सावेडीत अंघोळीचे पाणी तापत ठेवलेला गृहस्थ बिनदिक्कत सांगतो, “अहो, माळीवाड्यात पोहोचलोच, पाच मिनिटांत आलो !” पाच मिनिटे हा आता आकडा राहिलेला नाही, तोही ‘जरा’ आणि ‘आत्ता’ यांच्या पंगतीस जाऊन बसला. माप बारीक झाल्याने मनुष्य वक्तशीर होतो हा आमचा समज या शहरात, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, रोज खोटा ठरत असतो.

येथपर्यंत विनोदाने लिहिता आले. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते न लिहिले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागण्याचा तो दिवस. आपल्या पाथर्डी, शेवगाव या भागांतून दर साली याच सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, हे पालकांस सांगावयास नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आणि भांडीकुंडी, शेरडे व पोरे यांसह गाडी भरली की ती निघते. अशाच एका कुटुंबातील मुलगा आमच्या नववीच्या वर्गात होता. अक्षर चांगले, बोलणे थोडे. तो शिक्षकांच्या खोलीच्या दारापाशी येऊन उभा राहिला व म्हणाला, “सर, जरा बोलायचं होतं.” आम्ही मान वर करून म्हटले, “क्षणभर थांब रे, आलोच.”

आत आम्ही फार मोठे कार्य करीत होतो असे नाही. चहा आला होता, आणि स्नेहसंमेलनाचा मंडप मैदानाच्या कोणत्या बाजूस घालावा याविषयी वाद रंगला होता. वाद संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा भिंतीवरील घड्याळात पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ गेलेला होता. कडुनिंबाखाली कोणी नव्हते. आमचे शिपाईमामा म्हणाले, “सर, ते पोरगं लई वेळ उभं व्हतं. दोनदा दारापर्यंत आलं, माघारी गेलं. फाट्यावर गाडीचा हारन वाजला, तवा पळालं.”

भास्कराचार्यांच्या हिशेबाने आम्ही दिलेला शब्द जवळजवळ तंतोतंत पाळला होता. एक क्षण म्हटले आणि एका क्षणाने आलो. परंतु गाडी हाकणाऱ्याने भास्कराचार्य वाचलेले नव्हते.

सुट्टी संपली आणि त्याची जागा रिकामी राहिली, तेव्हा आम्हांस त्याच्या एका सोबत्याकडून खरी हकीकत कळली. बापाचे म्हणणे असे होते की, सरांनी शब्द टाकून बोर्डिंगात जागा दिली तर पोरास येथेच ठेवू. नाही तर बरोबर नेऊ. तेवढेच विचारावयास तो आला होता. त्या वेळी बोर्डिंगात जागा होती. आम्ही बापास फोन लाविला. पुष्कळ प्रयत्नांनंतर तो लागला तेव्हा ते कोल्हापूरकडे एका उसाच्या फडावर पोहोचलेले होते. बाप रागावला नाही. रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते. तो म्हणाला, “आता कामाला लागलंय सर पोरगं. वाढं बांधतंय, कोपीत धाकल्या बहिणीला बी सांभाळतंय. पुढल्या साली बघू.”

पुढल्या साली ! हा शब्दही थोडा वेळच दाखवितो, मोठ्या माणसांच्या दृष्टीने.

हंगाम संपून पाडव्याच्या सुमारास ती मंडळी परत आली. मुलगा बापाचा हात धरून शाळेत आला. उंची वाढली होती, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे होते. बोर्डिंगात नाव घालून झाल्यावर आम्ही त्यास बाजूस घेऊन विचारले, “अरे, त्या दिवशी तू पुन्हा हाक का मारली नाहीस ? आत का आला नाहीस ?” तो खाली पाहून म्हणाला, “सर, तुम्ही आलोच म्हणाला होता ना.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

त्याने नववीचा वर्ग पुन्हा पहिल्यापासून केला. आज तो दहावीत आहे, आणि बाकावर इतरांहून वर्षाने मोठा दिसतो. आमचा पाऊण तास गेला, त्याचे एक वर्ष गेले. अशा अदलाबदलीस कोणत्या कोष्टकात बसवावे ? पळे, घटिका, मिनिटे, सेकंद यांची कोष्टके आम्हांस पाठ आहेत. पण थांबणाऱ्याचा वेळ आणि थांबविणाऱ्याचा वेळ यांचे कोष्टक आम्हांस कोणी शिकविले नव्हते. ते या मुलाने शिकविले. जो आत चहा पितो त्याचे ‘आत्ता’ लवकर संपते. जो बाहेर झाडाखाली उभा असतो त्याचे संपता संपत नाही. आणि ज्याची गाडी फाट्यावर उभी असते त्याचे तर कधी कधी आपल्या बाहेर येण्यापूर्वीच संपून जाते. म्हणून आम्हांस असे वाटते की, थोड्या वेळाचे शब्द बोलावयाचे ते आपल्या सोईने नव्हे, तर जो ऐकतो त्याच्या पायांकडे पाहून. तो किती वेळ उभा राहू शकेल ?

हे शब्द टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. भाषेतून ‘जरा’ आणि ‘घटकाभर’ गेले तर माणसांतील गोडवाही जाईल. पाहुण्यास ‘चोवीस मिनिटे बसा’ असे कोणी म्हणू नये. परंतु जेथे कोणी आपल्या शब्दावर थांबणार असेल, तेथे शब्दास साक्षीदार द्यावा. आजीच्या भाकरीसारखा. आता दाराशी कोणी विद्यार्थी आला तर आम्ही शक्य तोवर उठतोच, न उठता आले तर भिंतीवरील घड्याळ दाखवून सांगतो, “काटा चारवर येईल तोवर थांब, नाही आलो तर आत येऊन हाक मार.” काही वेळा आम्ही अद्यापि चुकतो, आणि मुले खरोखर आत येऊन हाक मारतात. त्यात आमचा काहीच अपमान होत नाही.

पालकहो, कामावर निघताना आपले मूल दाराशी येऊन “कधी येणार ?” असे विचारते, आणि आपण “हा आत्ता आलो बघ” म्हणून चप्पल पायात घालतो. ते मूल उंबऱ्यावर बसून आपल्या शब्दाचे माप घेत असते, हे कृपा करून ध्यानात असू द्या. दिवेलागणीस येणार असाल तर दिवेलागणीस म्हणा. मूल कदाचित थोडे रडेल. पण ते फुकट वाट पाहणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही आईने हाक मारताच ‘आलोच’ म्हणता, हे आम्हांस ठाऊक आहे. तेवढ्यात दूध उतू गेले तर ते कोणी पुसावे याचा विचार तुमचा तुम्ही करा.

असो. हा लेख आम्ही दोन दिवसांत देणार होतो. तो आज तेविसाव्या दिवशी संपादक मंडळाच्या स्वाधीन करीत आहो. त्या दोघी विद्यार्थिनी बाहेर व्हरांड्यात उभ्या आहेत. आम्ही त्यांस ‘आलोच’ म्हटलेले नाही. शेवटचे वाक्य लिहावयास दोन मिनिटे लागतील, असे सांगितले आहे, आणि ती होत आली आहेत.